वायर भिंतीपलीकडे जाते तेव्हा

दार लावून, पंखा सोडून, आपल्या घरात आपल्याच टीव्हीवर सिनेमा बघत बसलेला माणूस कायद्याच्या नजरेत ‘जनता’ असतो का? १९८९ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. एका बाजूला गरवारे प्लास्टिक्स अँड पॉलिएस्टर ही कंपनी आणि तिच्यासोबतचे हक्कधारक, दुसऱ्या बाजूला टेलिलिंक आणि केबलचा धंदा करणारे इतर लोक. धंद्याची मांडणी सरळ होती. एका खोलीत व्हीसीआर, त्यात कॅसेट, आणि तिथून निघालेली वायर गिऱ्हाइकांच्या घरांतल्या टीव्हीपर्यंत. तिकीटबारी नाही, पडदा नाही, जो तो आपापल्या घरात बसून बघतो. मग हा जाहीर खेळ कसा, असा केबलवाल्यांच्या बाजूचा मुद्दा होता. न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी तो फेटाळला. बघणारे कुठे बसले आहेत यापेक्षा ते कोण आहेत हे महत्त्वाचं. पैसे मोजून जोडणी घेणारी ही माणसं केबलवाल्याच्या कुटुंबातली नव्हेत आणि त्याच्याकडे आलेले पाहुणेही नव्हेत. तेव्हा ती जनताच ठरली.

खटला सिनेमाच्या हक्कांचा होता, पण त्यातला पेच शंभर वर्षांचा होता. एका खोलीत यंत्र आहे आणि त्याचा आवाज किंवा चित्र दुसऱ्या खोलीत न्यायचं आहे. वायर ओढायला दुपार पुरते. ती कुठवर गेली म्हणजे घरचा मामला राहत नाही, याचा हिशेब मात्र प्रत्येक नव्या यंत्राबरोबर पुन्हा मांडावा लागला.

पहिला मोठा प्रयोग पॅरिसचा. १८८१ सालच्या विद्युत प्रदर्शनासाठी क्लेमां आदेर या अभियंत्यानं पॅरिस ऑपेराच्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले. तारा शहराच्या गटारांतून ओढल्या आणि दोनेक किलोमीटरवरच्या प्रदर्शनाच्या इमारतीत आणल्या. तिथल्या खोल्यांत श्रोत्याला दोन कानांसाठी दोन रिसीव्हर मिळत. दोन्हींच्या तारा रंगमंचावरच्या वेगवेगळ्या ट्रान्समीटरकडे गेलेल्या असत. त्यामुळे गायक चालत या टोकाहून त्या टोकाला गेला की ते ऐकणाऱ्याला कळे. स्टिरिओ आवाजाचा हा पहिला जाहीर प्रयोग. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला व्हिक्टर ह्युगो नातवंडांना घेऊन डाकमंत्र्यांच्या निवासस्थानी गेला, तिथल्या रिसीव्हरवर त्यानं ऑपेरा ऐकला आणि घरी येऊन त्याची टिपणं लिहिली.

पुढे १८९० साली ‘तेआत्रोफोन’ नावाची कंपनीच निघाली. हॉटेलांत आणि कॅफेंत तिची पेटी असे; पन्नास सांतीमचं नाणं टाकलं की पाच मिनिटं गाणं. ज्यांना परवडे त्यांच्या घरी थेट तार जाई. दम्यानं बेजार झालेला मार्सेल प्रूस्त १९११ पासून या कंपनीचा वर्गणीदार होता. द्यबुसीचा ‘पेलेआस आणि मेलिसांद’ हा ऑपेरा त्यानं अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकला. लंडनमध्ये ‘इलेक्ट्रोफोन’ १८९५ पासून हेच काम करत होता. रेडिओनं या दोन्ही सेवांचा बाजार उठवला. लंडनची १९२५ मध्ये बंद पडली, पॅरिसची १९३२ मध्ये.

पण रेडिओनं तारेची गरज संपवली नाही, उलट वाढवली. विसाच्या दशकातला रेडिओ म्हणजे खर्चाचं आणि कटकटीचं प्रकरण होतं. त्याच्या बॅटऱ्या उचलून दुकानात नेऊन चार्ज कराव्या लागत, स्टेशन लावणं हे कसब होतं, आणि गरिबाघरी तो परवडत नव्हता. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनजवळच्या हाइद या गावात ए. डब्ल्यू. मेटन नावाचा विजेच्या सामानाचा दुकानदार होता. १९२५ साली त्यानं आपल्या रिसीव्हरपासून शेजाऱ्यांच्या घरांपर्यंत तारा नेल्या. शेजाऱ्याकडे फक्त लाउडस्पीकर. रेडिओ एकच, तो दुकानात. ब्रिटनमधल्या ‘रिले’ धंद्याची ही सुरुवात मानतात. दहा वर्षांत अशा जोडण्या दोन लाखांच्या पुढे गेल्या.

आणि तिथेच ठिणगी पडली. बीबीसीचे प्रमुख जॉन रीथ यांचा रविवार धार्मिक आणि गंभीर असे. रिलेवाले लोकांची नस ओळखून रविवारी रेडिओ लक्झेंबर्ग लावत. तिथे नाचाचं संगीत असे आणि जाहिरातीही असत. परदेशी स्टेशन, बाजारू कार्यक्रम, आणि ते घरोघरी पोचवणारा गल्लीतला तारवाला, अशी ही तक्रार होती. सरकारनं बंदी घातली नाही. परवाने दिले आणि परवान्यात अट घातली की रिलेवाल्यानं स्वतःचे कार्यक्रम करायचे नाहीत. दुसऱ्याचं पोचवा, आपलं काही बोलू नका. साठ वर्षांनी भारतात जे बोललं गेलं, त्यातलं बरंचसं त्या वादात आधीच बोलून झालं होतं.

सोव्हिएत संघात हा पेच उद्भवलाच नाही, कारण तार सरकारचीच होती. घरोघरी भिंतीवर सरकारी तारेचा लाउडस्पीकर, त्याला आवाज कमी-जास्त करायचं एक बटण, आणि ऐकायला सरकार लावेल ते स्टेशन. लेनिनग्राडच्या वेढ्यात याच तारेवरून कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत मेट्रोनोमची टकटक ऐकवत. ती चालू आहे म्हणजे शहर जिवंत आहे, असं लोक समजत.

टीव्हीच्या तारेची गोष्ट अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या ॲस्टोरिया गावात घडली, आणि ती एखाद्या एकांकिकेसारखी आहे. एड पार्सन्स हा तिथल्या रेडिओ स्टेशनचा मालक आणि हाडाचा तंत्रज्ञ. १९४७ साली शिकागोच्या एका अधिवेशनात त्याच्या बायकोनं, ग्रेसनं टीव्ही पाहिला आणि घरी टीव्ही हवा असा हट्ट धरला. अडचण अशी की ॲस्टोरियाच्या जवळपास एकही टीव्ही स्टेशन नव्हतं. २५ नोव्हेंबर १९४८ रोजी सिएटलमध्ये एक सुरू झालं, पण ते सुमारे दोनशे किलोमीटरवर होतं आणि मध्ये डोंगर होते. पार्सन्स अँटेना घेऊन गावभर हिंडला. सिएटलचं चित्र मिळालं ते त्याच्या घरासमोरच्या हॉटेलच्या गच्चीवर. तिथे अँटेना उभारली आणि कोॲक्सियल वायर रस्त्यावरून पलीकडे आपल्या घरात आणली.

मग गाव लोटलं. पार्सन्स दांपत्याच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी इतकी गर्दी होऊ लागली की त्यांना घर राहिलं नाही. गर्दी घराबाहेर काढायची म्हणून पार्सन्सनं हॉटेलच्या लिफ्टच्या बोळातून एक वायर खाली सोडली आणि लॉबीत टीव्ही लावला. आठवड्या-दोन आठवड्यांत लॉबी तुंबली, हॉटेलवाले वैतागले. मग वायर जवळच्या वाद्यांच्या दुकानात गेली आणि टीव्ही काचेच्या खिडकीत मांडला. आता रस्ता अडू लागला, पोलीस आले. शेवटी एकच मार्ग उरला तो म्हणजे ज्याला बघायचं त्याच्या घरी वायर. पाच-पंचवीस घरं जोडता जोडता धंदा उभा राहिला. गावातल्या टेकडीवर आज त्याची स्मारकशिला आहे.

त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ खाणगावांतही टीव्हीचे दुकानदार हेच करत होते. डोंगराआड चित्र येत नाही म्हणून सेट खपत नाहीत. तेव्हा माथ्यावर अँटेना आणि तिथून गावात वायर. अँटेना सगळ्यांची मिळून एक, वर्गणी प्रत्येकाची. स्टेशनांचे आणि सिनेमाचे मालक पुढे कोर्टात गेले. वेस्ट व्हर्जिनियातल्या अशाच एका जाळ्याचा खटला १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि न्यायालयानं वायरवाल्याला सोडून दिलं. यानं फक्त बघणाऱ्याची अँटेना लांबवली आहे, कार्यक्रम याचा नाही. हवेत आलेलं चित्र तो नुसतं पोचवतो. पुढे १९७६ साली तिथल्या संसदेनं कायदाच बदलला आणि केबलवाल्यांवर स्वामित्व शुल्क बसवलं. ऑस्ट्रेलियात १९८३ मध्ये तर प्रश्न एकाच इमारतीपुरता होता. मोटेलच्या कार्यालयात कॅसेट लावायची आणि खोल्याखोल्यांत पाहुण्यांनी बघायची. न्यायालय म्हणालं, हा जाहीर खेळच.

मुंबईचा केबलवाला ‘नुसता पोचवणारा’ आणि ‘जाहीर खेळ करणारा’ या दोन टोकांच्या मधोमध जन्मला.

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढची दहा वर्षं चाळीत टीव्ही असलेलं बिऱ्हाड म्हणजे सार्वजनिक जागा होती. ‘छायागीत’ या गाण्यांच्या कार्यक्रमाला आणि रविवारच्या सिनेमाला दाराबाहेर चपलांचा ढीग पडे, पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळत आणि यजमानीण बाईंना स्वतःच्या घरात बसायला जागा उरत नसे. चित्र एका खोलीत, म्हणून माणसं त्या खोलीत. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आलं, दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि त्या काळात परदेशातून व्हीसीआर मोठ्या संख्येनं येऊ लागले. व्हीसीआर साध्या पगारदाराच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यामुळे तो भाड्यानं आणायची पद्धत पडली. शनिवारी रात्री व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी असं एकत्र भाड्यानं यायचं. सगळ्या मजल्यानं वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत तिन्ही पिक्चर उरकायचे, कारण सकाळी मशीन परत द्यायचं असे. गणपतीत तर मंडपातच पडदा.

या वर्गणीला वायर फुटली ती १९८४च्या आसपास. आधी पर्यटकांच्या हॉटेलांत, मग मुंबईच्या उंच इमारतींत. व्हीसीआर एकाच खोलीत ठेवायचा आणि चित्र सगळ्या फ्लॅटांत सोडायचं. पुढाकार घेणारा बहुतेक वेळा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा, इलेक्ट्रिशियन किंवा व्हिडिओ लायब्ररीवाला. भांडवल थोडं, ओळखी पुष्कळ, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी संबंध बरे, एवढ्यावर धंदा उभा राही.

त्याची खोली म्हणजे गच्चीवरची पत्र्याची शेड, जिन्याखालची जागा किंवा दुकानाचा माळा. तिथे व्हीसीआर, तपासायला एक छोटा टीव्ही आणि मॉड्युलेटर. व्हीसीआरमधून निघणारं चित्र आणि आवाज मॉड्युलेटर एका ठरावीक चॅनेलच्या लहरींवर चढवी, म्हणजे घरच्या टीव्हीला ते एखादं स्टेशन असल्यासारखं दिसे. पुढे काळी कोॲक्सियल वायर. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरा प्लॅस्टिकचा थर, त्यावर बारीक तारांची जाळी आणि वर काळं आवरण. जाळी बाहेरचा त्रास अडवते, मधली तार चित्र नेते. पण वायर जितकी लांब तितकं चित्र क्षीण, आणि प्रत्येक फाट्यावर वाटणी. दोन तोंडांचा स्प्लिटर लावला की पुढे दोघांना निम्मं निम्मं जातं. म्हणून ठरावीक अंतरावर बूस्टर लागे, आणि बूस्टर चित्राबरोबर खरखरही वाढवतो. पहिल्या फ्लॅटला लखलखीत, तिसऱ्या इमारतीच्या शेवटच्या घरात मुंग्या, हे गणित कुठल्याही केबलवाल्याला पुस्तक न वाचता पाठ होतं. आत शिरलेल्या लहरी जोडातून परत फिरल्या की हिरोच्या मागे त्याची सावली दिसे. गिऱ्हाईक म्हणे, ‘अरे, डबल दिसतंय.’

पावसाळा त्याचा खरा शत्रू. वायर गच्चीवरून गच्चीवर जाई, मध्ये नारळाचं झाड, पाण्याच्या टाकीचा पाइप, कुणाच्या तरी खिडकीचा गज. जोडावर काळी चिकटपट्टी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. जुलैत पाणी त्या पिशवीतूनही वाट काढी, वायरच्या जाळीतून पुढे सरके आणि तांबं हिरवं पडे. मग पोऱ्या शिडी घेऊन भर पावसात गच्चीवर, खालून आरोळी, ‘आलं का?’ आणि वरच्या मजल्यावरून उत्तर, ‘आवाज आला, चित्र नाही!’

कार्यक्रम केबलवाला ठरवी. दुपारी बायकांसाठी एक, रात्री नवा एक, रविवारी मुलांसाठी काहीतरी. फर्माईश चाले. सिनेमाच्या तळाशी सरकती पट्टी: अमुक ज्वेलर्स, तमुक क्लासेस, आणि ‘चि. सोनूला वाढदिवसाच्या शुभेच्छा’. त्यामुळे मुंबईचा केबलवाला ॲस्टोरियाच्या पार्सन्ससारखा नुसता अँटेना लांबवणारा नव्हता. कॅसेट तो निवडत होता, लावत होता, आणि त्या कॅसेटीत पुष्कळदा चोरीचा सिनेमा असे. व्हिडिओचोरी इतकी वाढली होती की १९८४ सालीच कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कॅसेटवर निर्मात्याचं नाव, हक्कधारकाचं नाव आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत छापणं बंधनकारक झालं होतं. १९८९चा निकाल या पार्श्वभूमीवर आला.

निकालानं धंदा संपला नाही. दोन वर्षांत त्याचा मालच बदलला. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटलं आणि बगदादवरचे हल्ले सीएनएनवर थेट दिसू लागले. ते बघायला सोय होती पंचतारांकित हॉटेलांत, कारण उपग्रहाच्या डिश तिथे होत्या. केबलवाल्यांनी डिश उभारायला सुरुवात केली. त्याच वर्षी हाँगकाँगहून एशियासॅट-१ या उपग्रहावर स्टार टीव्ही आला. वाहिन्या मोफत होत्या. ज्याच्याकडे डिश, त्याला चित्र. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला आणि हिंदी मालिकांसाठी दूरदर्शनवर अवलंबून राहायचं कारण उरलं नाही. व्हीसीआरची शेड आता डिशची शेड झाली. भारतीय घरांत ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ या अमेरिकी मालिका शिरल्या, आणि सांस्कृतिक आक्रमणाच्या चर्चा परिसंवादांतून, अग्रलेखांतून सुरू झाल्या. रीथसाहेबांच्या रविवारचीच ही भारतीय आवृत्ती.

सरकारकडे या वायरसाठी कायदाच नव्हता. होता तो १८८५चा टेलिग्राफ कायदा, म्हणजे तारखात्यासाठी केलेला. राजस्थानात जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना नाही म्हणून केबल जाळ्यांवर बंदी घातली, तेव्हा केबलवाले आपल्या धंद्याचा हक्क मागत उच्च न्यायालयात गेले. १९९३ मध्ये न्यायालयानं ठरवलं की केबलचं जाळं त्या जुन्या कायद्यातल्या व्याख्येत बसतं. म्हणजे गच्चीवरून गच्चीवर गेलेली काळी वायर ही सरकारी तारेच्याच जातीची ठरली आणि परवान्यावाचून ती ओढायची सोय उरली नाही.

मग दोन कायदे लागोपाठ आले. १९९४च्या कॉपीराइट दुरुस्तीत एक स्पष्टीकरण घातलं गेलं. उपग्रह, केबल किंवा अन्य मार्गानं एकाच वेळी एकाहून अधिक कुटुंबांपर्यंत किंवा निवासांपर्यंत पोचवणं म्हणजे जनतेपर्यंत पोचवणं. आणि त्यात हॉटेलच्या किंवा होस्टेलच्या राहण्याच्या खोल्याही आल्या. १९८९ला न्यायालयानं तर्कानं गाठलेली जागा संसदेनं शब्दांत बांधून टाकली. एका घरातल्या दोन खोल्या चालतील. दोन घरं चालणार नाहीत. हॉटेलची खोली दुसरं घर समजली जाईल.

दुसरा, केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५ चा. त्यानं केबलवाल्याला मान्यता दिली आणि वही हातात दिली. नोंदणी करायची कुठे, तर तेव्हा मुख्य टपाल कार्यालयात. दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवायलाच हव्यात. काय दाखवलं त्याची नोंदवही ठेवायची आणि ती वर्षभर जपायची. नियम मोडला तर सामान जप्त. मनिऑर्डर आणि अल्पबचतीच्या खिडकीशेजारी आता गल्लीतला केबलवाला अर्ज घेऊन उभा राहू लागला.

वहीत एक आकडा मात्र कधी खरा उतरला नाही, तो जोडण्यांचा. गिऱ्हाईक किती हे फक्त केबलवाल्याला ठाऊक. महाराष्ट्रात प्रत्येक जोडणीमागे करमणूक कर द्यावा लागे, म्हणून सरकारला तो कमी सांगे. वाहिन्या सशुल्क झाल्या होत्या आणि जोडणीमागे पैसे मागत होत्या, म्हणून त्यांनाही कमी सांगे. मधल्या काळात सिटीकेबल, हॅथवे, इनकेबल यांसारख्या मोठ्या कंपन्या आल्या. त्यांनी आकाशातून सिग्नल उतरवून स्थानिक केबलवाल्याला द्यायचा आणि त्यानं घराघरात न्यायचा, अशी वाटणी झाली. पण शेवटच्या शंभर फुटांची वायर त्याचीच राहिली. घरात मात्र कुणी मोजत नव्हतं. हॉलमधल्या वायरला जॅक लावून, स्प्लिटर टाकून बेडरूममध्ये दुसरा टीव्ही लावला की झालं. केबलवाल्याला कळलं तर दहा-वीस रुपये जास्त, नाही कळलं तर फुकट. काही घरांत तर स्प्लिटरची दुसरी वायर खिडकीतून भावाच्या बिऱ्हाडात जाई.

या अपारदर्शक वहीवर उपाय म्हणून २०११च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती झाली आणि नोव्हेंबर २०१२ पासून महानगरांतून ॲनालॉग केबल बंद व्हायला सुरुवात झाली. मुंबईत सेट-टॉप बॉक्सशिवाय केबल दिसेनासं झालं. चित्र आता कुलूपबंद येतं आणि किल्ली बॉक्समध्ये असते. प्रत्येक बॉक्सला क्रमांक, म्हणजे प्रत्येक टीव्ही मोजला गेला. स्प्लिटरची दुसरी वायर मुकी झाली. बेडरूमच्या टीव्हीला वेगळा बॉक्स आणि वेगळं बिल.

लोकांनी त्यातूनही वाट काढली. बॉक्सच्या मागे जुन्या टीव्हीसाठी ठेवलेलं एक छिद्र असे, त्यातून वायर काढून आतल्या खोलीत नेली की तिथेही चित्र मिळे. अट एकच. दोन्ही खोल्यांत तेच चॅनेल. रिमोट हॉलमध्ये, त्यामुळे आत क्रिकेट बघणाऱ्या वडिलांच्या पडद्यावर ऐन शेवटच्या षटकात आईची मालिका उगवे आणि भिंतीपलीकडून ‘अगं, बदलू नकोस!’ अशी हाक येई. दुसऱ्या खोलीचा हा प्रश्न इतका घरोघरीचा होता की दूरसंचार नियामकानं, ट्रायनं, १ जानेवारी २०२० रोजी त्यावर दर लावून दिला. एकाच नावावर एकाहून जास्त जोडण्या असतील तर दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीचं नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांहून जास्त घेता येणार नाही, असं तेव्हा ठरलं.

या काळात श्रीमंत घरांत वायर उलट्या दिशेनं निघाली होती, बाहेरून आत येण्याऐवजी आतून आत. होम थिएटरचा रिसीव्हर हॉलमध्ये येऊन बसला. डीव्हीडी, ब्लू-रे, सेट-टॉप बॉक्स, गेमचं मशीन असं सगळं त्याला जोडायचं आणि तो पाच-सात स्पीकर आणि पडदा सांभाळणार. बऱ्याच रिसीव्हरना मागे ‘झोन २’ असं लिहिलेली वेगळी वाट असते. हॉलमध्ये सिनेमा चालू ठेवून स्वयंपाकघरात किंवा गच्चीत गाणी सोडता यावीत म्हणून ती दिलेली. आवाजासाठी साधी स्पीकरची तार पुरते. चित्राचं तसं नाही. चित्र नेणारी एचडीएमआय केबल थोड्या मीटरांपलीकडे दमते. म्हणून २०१० नंतर संगणकाच्या जाळ्याच्या वायरीवरून चित्र-आवाज शंभर मीटरपर्यंत नेणारी यंत्रं निघाली. अंतराचा प्रश्न सुटला, पण कुलुपाचा उरला.

हे कुलूप म्हणजे इंटेलनं विकसित केलेली एचडीसीपी ही पद्धत. चित्र देणारं यंत्र समोरच्या पडद्याला आधी ओळख विचारतं. ओळख पटली तरच चित्र सोडतं. मध्ये रिसीव्हर असेल तर तो पुढे कोणकोण जोडलं आहे याची यादी मागे पाठवतो. या यादीला मर्यादा आहे. पहिल्या पिढीत सात पातळ्या आणि एकूण १२८ यंत्रं, दुसऱ्या पिढीत चार पातळ्या आणि ३२ यंत्रं. दुसऱ्या पिढीनं आणखी एक चाचणी आणली. चित्र देणारं यंत्र एक संदेश धाडतं आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले हे मोजतं. उशीर झाला तर पलीकडचा पडदा जवळपास नाही असं समजून चित्र थांबवतं. केबलवाल्यानं अशी वायर तीन इमारतींपलीकडे नेऊ नये ही त्यामागची काळजी. झळ मात्र घरातल्या माणसाला लागते. वायर नीट, रिसीव्हर चालू, बेडरूमचा टीव्ही चांगला असूनही पडदा काळा, कारण दोघांपैकी एक यंत्र जुन्या पिढीचं निघालं. बसवायला आलेला तंत्रज्ञ मग वायरीशी झटापट करत बसत नाही. बेडरूमसाठी सरळ दुसरा बॉक्स किंवा स्टिक घ्या म्हणतो.

केबलवाल्याची जुनी वायरही अशीच मागे पडली. २०१८ मध्ये रिलायन्सनं हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुमताचा वाटा घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा नजर त्यांच्या घराघरात गेलेल्या वाटांवरही होती. काळ्या वायरीच्या जागी ऑप्टिक फायबर आलं, आणि पूर्वी कॅसेट निवडणारा माणूस आता इंटरनेटची जोडणी देतो, राउटर बसवतो, बिल गोळा करतो. कोण काय बघतो याच्याशी त्याचा संबंध राहिलेला नाही.

तो संबंध आता ॲपवाल्या कंपन्यांकडे गेला आहे. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं भारतात जाहीर केलं की एक खातं एका घरातल्या माणसांनीच वापरायचं. घर कुठलं हे ती कंपनी इंटरनेटच्या पत्त्यावरून आणि यंत्रांच्या ओळखीवरून ठरवते. आजोबांच्या खोलीतला टीव्ही, मुलीचा टॅबलेट, गच्चीतला प्रोजेक्टर हे सगळं एका घरात मोडतं. मुलगी शिकायला पुण्याच्या होस्टेलवर गेली आणि तिथल्या टीव्हीवर घरचं खातं रोज लावू लागली, की ते दुसरं घर धरलं जातं. होस्टेलची खोली तर १९९४च्या दुरुस्तीतच नावानिशी नोंदलेली आहे.